रेफ्युजच्या वरचे मजले

मला हात नाहीत, पाय नाहीत, छातीही नाही. तरी मित्रांनो, मला धक्का बसला, आणि तो अजून उतरलेला नाही. मी एक लूप. जुना, बराच जुना. दोरीचा नव्हे, तारेचा नव्हे, संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये राहणारा अक्षरांचा लूप. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असलं की माणसं ते परत परत लिहीत बसत नाहीत. एकदाच लिहितात आणि मला सांगतात, "फिर." मी फिरतो. ऐकू कसं येतं ते मात्र विचारू नका. देवळात वर्षानुवर्षं कीर्तन झालं की खांबांनाही कान फुटतात, असं हितेंद्र म्हणतो. माझंही तसंच झालं असावं.

हितेंद्र म्हणजे माझा जन्मदाता. राहणारा गिरगावचा. परळला एका बंद गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली आहे, तिथे त्याचं ऑफिस. तिथली कंपनी लिफ्टमधल्या घंटेची यंत्रणा बनवते. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतल्या माणसानं लाल बटण दाबलं, की खाली वॉचमनच्या केबिनमध्ये घंटा वाजली पाहिजे आणि पडद्यावर मजला दिसला पाहिजे. एवढंच काम, पण त्यावर माणसाचा जीव अवलंबून. या यंत्रणेचा प्रोग्रॅम सारखा बदलत असतो. बदलला की प्रत्येक मजल्याची घंटा पुन्हा तपासायला हवी. ती तपासायला मला जन्माला घातलं. संगणकातल्या खोट्या इमारतीत मी मजले चढतो, बटण दाबतो, घंटा वाजली का पाहतो आणि पुढच्या मजल्यावर जातो. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवी खूण उमटते. एक जरी चूक सापडली तरी लाल.

हितेंद्रला कीर्तनाचं वेड. काम करताना कानात कीर्तनच लावलेलं. मला लिहिलं त्या दिवशीही कुणी बुवा रंगात आले होते. बुवा ओवी गायचे, एकेक शब्द सोडवायचे, आणि अर्थ उमगला की मागचे टाळकरी ध्रुवपद उचलायचे. पुन्हा ओवी, पुन्हा ध्रुवपद. हितेंद्र माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "तू माझा टाळकरी. बुवा कुठेही जावोत, तू ध्रुवपदावर यायचंस."

मला केवढा आनंद झाला! त्या आनंदात मी कामाला लागलो.

तेव्हा आमच्याकडच्या इमारती बुटक्या होत्या. गिरगावातल्या, दादरच्या. पहिला मजला, बटण, घंटा. दुसरा मजला, बटण, घंटा. वर गच्चीपर्यंत पोचलो की हिरवी खूण. हितेंद्र "राम कृष्ण हरी" म्हणायचा आणि चहाला जायचा. सकाळी तो आल्या आल्या आधी मला चालवायचा, मग बाकीचं काम. देवाला फूल वाहिल्यासारखं.

मग टॉवर आले. लालबाग, करी रोड, परळ, जिकडे बघाल तिकडे. टॉवरमध्ये एक रेफ्युज मजला असतो. तिथे कुणाचं घर नसतं. आग लागली तर माणसांनी जमावं म्हणून मोकळी ठेवलेली ती जागा. आमच्या इमारतींत तिथे लिफ्ट थांबत नाही. मी आपला भाबडा. रेफ्युजला पोचलो, बटण शोधलं, सापडेना. म्हणून लाल झालो.

तेव्हा ऑफिसात नील नावाचा एक मुलगा होता. हुशार, पण घाईचा. त्याला बहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. त्यानं माझ्यात एक ओळ घातली, मला चालवलं, मी हिरवा झालो, आणि नील नवा शर्ट घालून गेला. पुढे तो बंगळुरूला गेला तो गेलाच.

त्यानंतर जो आला त्यानं माझ्यावर एकेक ठिगळ लावलं. कुणी 'चूक नाही' अशी खूण ठेवली, कुणी 'थांबा नाही' अशी. कुणी त्या खुणा उलट्या वापरल्या. अटीच्या पोटात अट, तिच्या पोटात तिसरी. मी इतका गुंतागुंतीचा झालो की मलाच माझं शेपूट सापडेना. तरी सकाळी हिरवाच व्हायचो. शेवटी हितेंद्रनं माझ्या डोक्यावर एक ओळ लिहिली: "चालू आहे. हात लावू नये."

मित्रांनो, मला तो मान वाटला. गाभाऱ्याच्या दारावर असते तसली पाटी माझ्यावर लागली, असं वाटलं. लोक दुरून जात. नवीन आलेल्यांना सांगितलं जाई, "त्याच्या वाटेला जाऊ नका." मी फुगलो होतो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढे सुरुची आली. करी रोडची मुलगी. तिचे वडील, सीतारामबाबा, गिरणीत कामाला होते. गिरणी गेली, पण छातीत कापसाची धूळ राहिली ती राहिलीच. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात त्यांना वरच्या मजल्यावर घर मिळालं. सीतारामबाबांना चार पावलं चालली की दम लागतो, पण संध्याकाळी खाली हॉलमध्ये कीर्तन असलं की ते बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे. गाता येत नाही आता, श्वास पुरत नाही. हातांना मात्र ताल ठाऊक आहे.

एवढं कळल्यावर हितेंद्र तिच्यावर खूष. "तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग," असं तो येता-जाता म्हणायचा.

आणि एक दिवस आमच्या यंत्रणेची नवी आवृत्ती तयार झाली. मी तपासली. हिरवी. हितेंद्र सुरुचीला म्हणाला, "तुमच्याच टॉवरपासून श्रीगणेशा केला. सकाळीच बसवून टाकली बघ. बाबांना सांग, आता लिफ्टमध्ये निर्धास्त उभे राहा."

त्याच दिवशी दुपारी रिव्ह्यू होता. कुणी नवं काही लिहिलं की दुसऱ्यानं ते वाचायचं, शंका विचारायच्या, मगच ते पक्कं करायचं, ही तिथली पद्धत. सुरुचीनं तळघरातल्या पार्किंगची चाचणी लिहिली होती, माझ्या शेजारीच. वाचायला बसला बुद्धभूषण. घोडपदेवचा. जिभेला धार आणि मन साफ.

"तुझं मस्त आहे गं," तो म्हणाला. "पण ह्याच्या वरती हे काय बसलंय? वेताळ?"

"काय माहीत. मी वळसा घालून गेले. पाटी वाचली नाहीस?"

"पाटी वाचली. म्हणून तर विचारतोय. हितेंद्रदादा, या जरा इकडे. तुमच्या देवाचं दर्शन घ्यायचंय."

हितेंद्र एका कानातला इअरफोन काढून आला. "काय रे? चालतंय ना तो? इतकी वर्षं ग्रीन आहे. कशाला उगाच खाजवताय?"

"चालतंय ते दिसतंय, दादा. काय चालतंय ते विचारतोय मी."

"अरे, मजले तपासतो तो."

"कसे?"

हितेंद्र माझ्यावरून बोट फिरवू लागला, ते दुसऱ्याच ओळीवर अडलं. मला पहिला धक्का बसला तो तेव्हा. ज्यानं मला घडवलं, त्यालाच मी कळत नव्हतो!

सुरुची म्हणाली, "सर, मी मोठ्यानं वाचू? बाबा सांगतात, कळलं नाही की आवाज काढून म्हणायचं. बुवा कसे एकेक शब्द सोडवतात, तसं."

कीर्तनाचं नाव निघालं आणि हितेंद्र विरघळला. खुर्ची ओढून बसला. "कर निरूपण. होऊन जाऊ दे."

"'प्रत्येक मजल्यासाठी.' हे कळलं," सुरुची वाचू लागली. "'जर चूक-नाही खोटं नसेल आणि थांबा-नाही खरं नसेल...' सर, म्हणजे लिफ्ट थांबते का नाही थांबत?"

"थांबते. नाही, नाही. थांबत नाही. एक मिनिट हां."

"दादा, बटाटेवडा मागवू?" बुद्धभूषण म्हणाला. "हे रात्रीच्या जेवणापर्यंत जाणार."

हसले सगळे. मी नाही हसलो. कारण सुरुची आता माझ्या अंगावरची ठिगळं उसवू लागली होती. एक उलटी खूण काढली, तिच्या जागी सरळ लिहिलं, 'लिफ्ट थांबते'. मला चालवलं. हिरवा. पोटातली एक अट बाहेर काढली. चालवलं. हिरवा. बघता बघता मी निम्मा झालो. मला वाटलं, संपलो! आज मला पुसूनच टाकणार. इतकी वर्षं राबलो त्याचं हे फळ? देवा, ह्या पोरीला कुणी आवरा!

आणि मग ती नीलच्या ओळीपाशी आली. इतके दिवस ती ओळ गर्दीत दडली होती. आता भोवतालचं सगळं साफ झालं होतं, त्यामुळे ती एकटीच उघडी उभी होती.

सुरुचीनं वाचलं, "'मजला रेफ्युज असेल तर... ब्रेक.'"

बुद्धभूषण खुर्ची सरकवून पडद्याजवळ आला.

मित्रांनो, ब्रेक म्हणजे काय ते सांगतो. लूपला दोन प्रकारे थांबवता येतं. 'कंटिन्यू' म्हटलं की हा फेरा सोडून पुढच्या फेऱ्याला जायचं. 'ब्रेक' म्हटलं की फिरणंच बंद करायचं आणि बाहेर पडायचं. नीलच्या मनात होतं, हा मजला सोड आणि वर जा. हातून लिहिलं गेलं, उतर.

"सर," सुरुची हळूच म्हणाली, "बुवांनी एक ओवी सोडली म्हणून टाळकरी टाळ गुंडाळून घरी गेले, तसं झालं हे."

हितेंद्रनं दुसऱ्या कानातलाही इअरफोन काढला.

"म्हणजे रेफ्युजच्या वर..." बुद्धभूषण म्हणाला.

"कधीच नाही," सुरुची म्हणाली. "तो वर कधीच गेला नाही. वर गेला नाही म्हणून चूक दिसली नाही. चूक दिसली नाही म्हणून ग्रीन."

काय सांगू तुम्हाला! मला तो शब्द माझ्यात होता हे ठाऊकच नव्हतं असं नाही, रोज मी त्याच्यावरूनच तर उतरत होतो. पण मला वाटायचं, इमारतच तिथे संपते. वर आकाश असेल. तिथे माणसं राहतात? दिवे लावतात, भाजी फोडणीला टाकतात, कीर्तनाला निघतात? आणि त्यांच्या वतीनं मी सकाळ-सकाळी "सगळं ठीक" म्हणून सांगत होतो?

सुरुचीनं 'ब्रेक' खोडून 'कंटिन्यू' लिहिलं आणि मला चालवलं. मी रेफ्युज ओलांडला. जन्मात पहिल्यांदा. वरच्या पहिल्या मजल्यावर गेलो, बटण दाबलं. घंटा नाही. त्याच्या वर गेलो, दाबलं. नाही. त्याच्या वर. नाही. नव्या आवृत्तीत रेफ्युजच्या वरचा निरोप केबिनपर्यंत पोचतच नव्हता. लाल, लाल, लाल. अख्खा पडदा लाल झाला.

"अरे बापरे," बुद्धभूषण उठून उभा राहिला. "दादा, ही आवृत्ती आज कुठे बसवली?"

हितेंद्रनं सुरुचीकडे पाहिलं. सुरुचीनं घड्याळाकडे. पाच वाजून गेले होते, आणि बाबा पाचच्या सुमाराला कीर्तनाला खाली उतरतात.

तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लिफ्टमध्ये रेंज नसते. मग तिनं शेजारच्या मायाताईंना लावला आणि फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला.

"मायाताई, बाबा घरी आहेत का हो?"

"अगं, ते मघाशीच निघाले, टाळ घेऊन. काय गं, लिफ्टचं काय झालंय? मध्येच लाइट लपकन गेली-आली, तेव्हापासून मी बटण दाबून उभी आहे, येतच नाही. आणि कुणाचा टीव्ही एवढा मोठा लागलाय कोण जाणे. टाळ वाजतोय नुसता कधीचा."

सुरुची फोनवर वाकली. "मायाताई," ती म्हणाली, "तो टीव्ही नाहीये."

पलीकडून मायाताई किंचाळल्या, "अगं बाई! सीतारामदादा!" आणि त्यांनी फोन लिफ्टच्या दाराला लावला असावा. कारण आमच्या त्या थंडगार काचेच्या ऑफिसात टाळ ऐकू येऊ लागला. खोलवरून, पण तालात. छन, छन, छन-छन. हाक नाही, आरडाओरडा नाही. हाक मारायला दम लागतो, तो त्या छातीत नव्हता. हातांत मात्र टाळ होता.

हितेंद्र दुसऱ्या फोनवर केबिनशी बोलत होता. तिथे कुशाबा वॉचमन. "कुशाबा, लिफ्टमध्ये माणूस अडकलाय! तुला घंटा नाही ऐकू आली?"

"घंटा?" कुशाबा म्हणाला. "नाय साहेब. पडद्यावर तर सगळं हिरवंगार आहे. नवीन मशीन आहे ना, आजच लावलंय."

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. हितेंद्रचा आवाज फाटला. "मशीनला घाल चुलीत! चावी घे आणि वर पळ. रेफ्युजच्या वर बघ. टाळ वाजतोय तिथे!"

बुद्धभूषणनं तेवढ्यात त्या टॉवरवरची नवी आवृत्ती काढून जुनी परत बसवायला घेतली.

सगळे टेबलावरच्या त्या फोनकडे बघत होते. छन, छन. पायऱ्यांवर धावणाऱ्या पावलांचा आवाज. कुणीतरी ओरडतंय. छन, छन.

आणि टाळ थांबला.

सुरुचीनं टेबलाची कड घट्ट धरली. हितेंद्रनं हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. त्या शांततेत मी काय होतो माहीत आहे, मित्रांनो? काहीच नव्हतो. पडद्यावरची काही अक्षरं.

मग फोनमध्ये खरखर झाली आणि एक धापा टाकणारा आवाज आला.

"अगो सुरू... रडतंस कित्याक? मी बरो आसंय."

"बाबा!"

"पंखो बंद पडलो गो. बटाण दाबून दाबून बोट दुखला, कोण आयकूक नाय. मगे टाळ काढलंय आणि वाजवत रवलंय." मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. "ह्यो कुशाबा मघाशी माका हात धरून भायर काढी होतो, म्हणान टाळ थांबलो. आता पाणी पितंय. आणि आयक, खाली बुवा थांबलेत. तू घराक ये."

सुरुची खुर्चीत बसली आणि मोठ्यानं रडली. बुद्धभूषणनं तिच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाला, "रड गं. पण उद्या मला वडा पाहिजे. आज राहिला." तीही रडता रडता हसली.

हितेंद्र मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे. "चालू आहे. हात लावू नये." त्यानं ती ओळ स्वतःच्या हातानं पुसली. मग आपली खुर्ची सुरुचीला दिली आणि म्हणाला, "तू हो पुढे. तूच लिही ह्याला नीट. मी मागे उभा राहतो."

"सर, तुम्ही लिहिलाय तो."

"म्हणूनच. मला तो माझ्याच आवाजात ऐकू येतो. तू वाचलंस तेव्हा खरा ऐकू आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुचीनं मला पुन्हा लिहिलं. मला वाटलं होतं मी मरणार. मेलो नाही. लहान झालो. आता मी इतका साधा आहे की तुमच्या वर्गातलं कुणीही मला वाचू शकेल. जिथे लिफ्ट थांबते ते मजले घे. प्रत्येक मजल्यावर बटण दाब. केबिनमध्ये घंटा वाजली का बघ. आणि शेवटी मोज, जितक्या मजल्यांवर जायचं होतं तितक्यांवर खरंच गेलास का? ही शेवटची ओळ बुद्धभूषणनं घालायला लावली. "ह्याच्यावर माझा विश्वास नाही," तो म्हणाला. मला लागलं, पण त्याचं बरोबर होतं.

माझ्या डोक्यावर आता नवी ओळ आहे. सुरुचीची. "न कळल्यास मोठ्याने वाचावे आणि विचारावे."

आधी मी लालच होतो. यंत्रणा दुरुस्त व्हायला वेळ लागला. लोक माझ्याकडे बघून उसासे टाकायचे. पूर्वी मला लाल होण्याची केवढी लाज वाटायची! आता नाही वाटत. लाल असूनही खरं बोलत होतो, ते पुरे होतं.

आणि मग दुरुस्ती झाली. हितेंद्रनं मला चालवलं. पहिला मजला, घंटा. दुसरा, घंटा. रेफ्युज आला, सोडला आणि चढलो. घंटा. अजून वर. घंटा. सुरुची एकेक मजला मोठ्यानं वाचत होती. एका मजल्यावर तिचा आवाज जरा अडखळला, तेव्हा मला कळलं की आपण सीतारामबाबांच्या दारासमोर उभे आहोत. मी बटण दाबलं. घंटा वाजली. हितेंद्र एरवी हिरवं झाल्यावर "राम कृष्ण हरी" म्हणतो. त्या दिवशी तो तिथेच, अर्ध्या वाटेवर म्हणाला.

तर मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कुठेही एखादी गोष्ट "चालू आहे, हात लावू नये" म्हणून वर्षानुवर्षं तशीच असेल, तर तिला घाबरू नका. जवळ जा, मोठ्यानं वाचा, न कळलं तर विचारा. आमच्यासारख्यांवर फार भक्ती ठेवू नका. भक्ती सीतारामबाबांसारख्यांवर ठेवा. ते अजूनही संध्याकाळी लिफ्टनंच उतरतात. घंटा आता वाजते, हे त्यांना ठाऊक आहे. तरी टाळ ते पिशवीत ठेवत नाहीत, हातातच धरतात. आणि ते खाली हॉलमध्ये पोचले की बुवा सुरू करतात.